पाणी पिणारा दगड

दादाचा फोन आला तेव्हा मी कंपनीच्या कँटीनमध्ये उपम्याची बशी घेऊन नुकतीच बसले होते. सकाळचे साडेनऊ. २०३६ सालचा मे. या वेळेला दादा कधीच फोन करत नाही, ती त्याची कामाची वेळ.

"उत्पे, तुझा मास्क आला बघ आमच्याकडं," तो म्हणाला. आवाजात नुसता आनंद. "तीस नग आलेत. मी सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीनं बनवलाय, डोळे झाकून घाला."

"बरं झालं. गाडीत ठेवा. कुणी आत पडलं तर काढायला लागेल."

"पडायची वाट कशाला बघायची? सोमवारपासनं आम्हीच उतरतोय."

"उतरतोय म्हणजे? आणि खेकडे?"

"खेकडे वर्कशॉपला पाठवले. नवा नियम आलाय ना. मास्क असला की माणूस चाळीस मिनिटं खाली जाऊ शकतो. पाटसकर साहेबांनी वाचून दाखवला आम्हाला."

पुढं तो काय बोलला ते मला आठवत नाही. चाळीस हा आकडा माझा होता.

आमचं गाव कासारपूर. वडील तिथल्या महापालिकेच्या ड्रेनेज विभागात होते. ते निवृत्त झाले तेव्हा वारसा हक्काची नोकरी घरात एकालाच मिळणार होती. दादाचं, म्हणजे शुद्धोधन भालशंकरचं, आयटीआयला नाव लागलेलं होतं. तो म्हणाला, "मी जातो. उत्पला शिकेल." मी शिकले. पुण्यात येऊन संगणकी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केली. दादा त्या सगळ्या वर्षांत दोराला बांधून चेंबरमध्ये उतरत होता.

मग एका पावसाळ्यात एकाच चेंबरमध्ये तिघं गेले. शहरात गदारोळ झाला, माणूस उतरवणं बंद झालं आणि पालिकेनं तीन यंत्रमानव घेतले. सहा पाय, पुढं दोन चिमटे. कामगारांनी त्यांना पहिल्याच दिवशी खेकडा हे नाव दिलं. दादा खेकडा चालवायला शिकला. झाकणाशेजारी स्टुलावर बसायचं, पडद्यावर बघायचं, दांडा फिरवायचा. बारा वर्षं तो अंगाला वास न घेता घरी आला. पोरीनं शाळेच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय 'यंत्रचालक' असा लिहिला, तो फॉर्म त्यानं मला फोटो काढून पाठवला होता.

आणि आता माझ्या मास्कनं त्याला परत खाली घातलं होतं.

मास्कचं नाव श्वासिका. आर्यमा फिल्टरेशन नावाच्या ज्या कंपनीत मी काम करत होते, तिचं ते सगळ्यात गाजलेलं उत्पादन. पाठीवर जड सिलिंडर नको, वरून नळी नको. प्राणवायूची थोडी भर घालायला कमरेला एक छोटी बाटली, बाकी हवा गटारातलीच, पण मुठीएवढ्या डबीतून गाळून. त्या डबीत झिओलाइट.

झिओलाइट आपल्याला नवा नाही. सह्याद्रीच्या काळ्या दगडात विहीर खणताना पोकळ्या लागतात, त्यांत पांढरे, गुलाबी, काचेसारखे खडे असतात. त्यातले बरेचसे झिओलाइटच. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची जाळी आणि तिच्यात रेणूच्या मापाची भोकं. दोन चमचे पुडीतल्या भिंती उलगडून पसरल्या तर फुटबॉलचं मैदान झाकेल. वायूचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात. मराठीत याला अधिशोषण म्हणतात. दादाला मी हा शब्द पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो म्हणाला होता, "शोषण ठाऊक आहे आपल्याला. हे अधिकाऱ्यांचं दिसतंय."

माझं काम हे चिकटणं संगणकात मोजण्याचं. पडद्यावर स्फटिकाचा पिंजरा उभा करायचा. त्यात एक रेणू कुठंतरी टाकायचा आणि तिथं तो किती सुखानं बसतो ते ऊर्जा मोजून बघायचं. सुखानं बसला तर राहू द्यायचा, नाहीतर बहुतेक वेळा काढून टाकायचा. मग दुसरा. असं कोट्यवधी वेळा केलं की कळतं, कुठल्या वायूचे किती रेणू आत मावणार आणि पिंजरा कधी भरणार. गटारात माणसाला मारतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड. थोडा असतो तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटतं हवा सुधारली. हा वायू श्वासिकाची डबी चाळीस मिनिटं धरून ठेवेल, असं माझं मॉडेल सांगत होतं. त्यावर माझी सही होती. त्या सहीवर प्रमाणपत्र आणि त्या प्रमाणपत्रावर नवा नियम उभा होता.

फक्त ते मॉडेल कोरड्या हवेचं होतं.

गटारातली हवा दमट असते हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. झिओलाइट या शब्दाचा मूळ अर्थच उकळणारा दगड. तापवला की त्याच्या पोटातलं पाणी फसफसून बाहेर येतं, म्हणून ते नाव. पाणी हा त्याचा सगळ्यात लाडका पाहुणा, आणि मी हिशेब मांडला तो पाहुणा येणारच नाही असं धरून. विभागप्रमुख वर्तक सर म्हणाले होते, "प्रमाणपत्राची चाचणी कोरड्या वायूवर होते. आधी तेवढं दे. दमट हवेचं दुसऱ्या टप्प्यात बघू." मी विश्वास ठेवला, असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे मला घाई झाली होती. माझ्या नावाचं काहीतरी कासारपूरला पोचावं, असं मला वाटत होतं. मी बाविसाव्या पानावर तळटीप टाकली, 'आर्द्रतेचा परिणाम विचारात घेतलेला नाही', आणि शांतपणे घरी गेले. दुसरा टप्पा कधी आलाच नाही. मीही विचारलं नाही.

फोन ठेवला आणि मी वर जाऊन दमट हवेचं गणित लावलं. हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि पाण्याची वाफ, तिन्ही एकत्र, चौतीस अंश तापमान. संगणकाला चार दिवस लागले. सोमवारी दुपारी आलेख आला.

पहिली वीस मिनिटं सगळं छान होतं. विषारी वायू पिंजऱ्यात जाऊन बसत होता. पण मागून पाणी सरकत येत होतं, थराथरानं. तेविसाव्या मिनिटाला पाण्यानं बसलेल्यांना उठवायला सुरुवात केली. ही गळती नव्हती. वीस मिनिटांत साठलेलं विष पाणी एकदम बाहेर ढकलत होतं, थेट घालणाऱ्याच्या तोंडात. माझी रेघ बाहेरच्या हवेची रेघ ओलांडून वर गेली, जवळपास दुपटीला. त्या चार-पाच मिनिटांत मास्क घातलेला माणूस उघड्या तोंडाच्या माणसापेक्षा जास्त विष घेणार होता.

मी संध्याकाळी दादाला फोन केला.

"कसं झालं आज?"

"झकास. दोन चेंबर केले. पंधरा-पंधरा मिनिटांत वर."

"जरा जपून वापरा. वीसच्या आतच राहा."

"खोक्यावर चाळीस लिहिलंय."

"हो, पण मी तपासतेय."

"काय तपासतीयस? काही चुकलंय का?"

आणि मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही. नेहमीची तपासणी."

या वाक्याबद्दल मी आजवर स्वतःला माफ केलेलं नाही. मला वाटत होतं, सकाळी वर्तक सरांना आलेख दाखवला की दुपारपर्यंत सगळीकडं पत्र जाईल. चूक आमची आम्हीच सुधारू, दादाला कळायची गरजच पडणार नाही.

वर्तक सरांनी आलेख नीट बघितला. ते मूर्ख नव्हते. दोन प्रश्न विचारले, तेही नेमके. मग लॅपटॉप माझ्याकडं वळवून म्हणाले, "उत्पला, हे मॉडेल आहे. मोजमाप नाही."

"सर, चाळीस मिनिटंसुद्धा मॉडेलच होतं."

"त्याला चाचणीचा आधार होता."

"कोरड्या वायूच्या चाचणीचा! सर, कासारपुरात माणसं खाली आहेत. आज. आत्ता."

"सतरा शहरांत आहेत," ते म्हणाले. "सतरा ठिकाणी एकदम थांबा म्हणून कळवलं तर कंपनी उरत नाही. आपण नवीन डबीचं काम सुरू करू. सिलिका जास्त असलेला, पाणी न पिणारा झिओलाइट. सहा-आठ महिने. तोवर हे गुणवत्ता विभागाकडं दे, ते आढावा घेतील."

"आठ महिने आढावा?"

"तू तळटीप दिली होतीस. तुझ्यावर काही येणार नाही."

त्यांना वाटलं मी स्वतःला वाचवायला आले आहे. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मला समोरचं टेबल दिसेना. मी काय काय बोलले ते पुढं कंपनीनं वकिलाच्या नोटिशीत लिहून काढलं, आणि त्यातला एक शब्दही खोटा नाही. दुपारी माझं संगणकाचं खातं बंद झालं. आलेखाच्या छापील प्रती मात्र माझ्या पिशवीत होत्या. संध्याकाळभर मी दादाला फोन लावत राहिले. तो बंद. भाचीला लावला तर म्हणाली, "आत्या, बाबांचा फोन आजच पाण्यात पडला. आज रात्री उशिरा येणार, सकाळी कामावरच भेटतील ते."

"बाबांना सांग, उद्या उतरू नका. सांगशील ना?"

"सांगते," ती म्हणाली. तिनं सांगितलंही. दादाला वाटलं, बहीण काळजी करतेय.

बुधवारी पहाटेची एसटी धरून नवाच्या सुमाराला कासारपूरला उतरले. भाजी मंडईच्या मागच्या चौकात गाडी उभी होती. तिपाईची कप्पी, दोर, उघडं झाकण. दादा आणि चौघं कामगार, शेजारी छत्री धरून उपअभियंता पाटसकर. दादानं मला बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ही बघा आली! हीच ती."

"खाली कोण आहे?" मी ओरडले.

"गौतम. का?"

गौतम शेजवळ. शहरात अकराशेच्या वर चेंबर आहेत आणि शेजवळभाऊंना प्रत्येकाचा नंबर, खोली आणि वळण तोंडपाठ होतं. पालिकेचा नकाशा चुकायचा, ते चुकायचे नाहीत.

"किती वेळ झाला?"

"वीस मिनिटं झाली असतील. अजून वीस आहेत की."

"वर काढ त्यांना. आत्ता. मास्क खोटा आहे, दादा. पाण्यानं सगळं उलटतं. चाळीस मिनिटं खोटी आहेत."

पाटसकरांनी हातातला टॅब पुढं केला. "मॅडम, प्रमाणपत्र माझ्याकडं आहे. खाली डॉक्टर उत्पला भालशंकर अशी सही आहे. ही सही तुमचीच ना?"

"माझीच. मी चुकीची सही केली."

माझ्याकडं बघत असताना दादाचा चेहरा कसा झाला ते मी लिहू शकत नाही. पण तो थांबला नाही. त्यानं वॉकीटॉकी उचलला. "गौतम, वर ये."

"दहा मिनिटं द्या मुकादम," खालून आवाज आला, "गाळ सुटलाय आता."

"सोड तो गाळ. वर ये!"

"येतो, येतो. हवा पण बरी झालीय, वासच—"

मग काही नाही. दादानं हाका मारल्या. दोर ओढला, तो थोडा आला आणि अडकला. शेजवळभाऊ आडव्या नळात शिरले होते आणि दोर वळणावर पायरीत गुंतला होता. आता कुणीतरी आत गेल्याशिवाय ते निघणार नव्हते. अग्निशमन दलाची गाडी यायला पंचवीस मिनिटं लागतील, असं पाटसकर फोन कानाला लावून सांगत होते. त्यांची छत्री रस्त्यावर पडली होती.

दादा कमरेला दोर बांधायला लागला. उघड्या तोंडानं. चेंबरमध्ये आजवर जे मेले त्यातले निम्मे असेच मेलेत, आधीच्याला काढायला जाऊन.

"मास्क घाल," मी म्हणाले.

तो दोराची गाठ आवळत राहिला.

"दादा, ऐक. खोक्यातला नवा, सील न फोडलेला घाल. पहिली वीस मिनिटं तो खरा आहे. नव्या डबीत पाणी पोचायला तेवढा वेळ लागतोच. वीसच. मी वेळ लावते."

"नक्की?"

मी दोन दिवस तो आलेख बघत होते. कुठली ऊर्जा कुठून घेतली, कुठं अंदाज केला, कुठं अंदाजाचाही अंदाज होता, सगळं मला पाठ होतं. शास्त्रज्ञ म्हणून या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येत नाही. मी म्हणाले, "नक्की."

त्यानं सील फोडलं आणि तो उतरला.

नऊ मिनिटं. त्या नऊ मिनिटांत मी कुणाला काय सांगत होते, रडत होते का, काही माहीत नाही. घड्याळ तेवढं माहीत आहे. दोर हलला, चौघांनी मिळून कप्पी फिरवली, आधी शेजवळभाऊ वर आले, निळे पडलेले. मग दादा आला. मास्क काढून त्यानं तो रस्त्यावर आपटला.

रुग्णवाहिका गेल्यावर तो माझ्यासमोर आला. "तुला सोमवारी माहीत होतं?"

"हो."

"फोनवर का नाही बोललीस?"

तो वळून चालायला लागला आणि पुढचे पाच महिने माझ्याशी बोलला नाही.

शेजवळभाऊ वाचले, असं म्हणतात. सतरा दिवस अतिदक्षता विभागात होते. आता हात थरथरतात, नवं काही लक्षात राहत नाही. ज्या माणसाच्या डोक्यात सगळं शहर होतं त्याला आता स्वतःच्या गल्लीच्या टोकावरून घर सापडत नाही. त्यांच्या पत्नी निर्मलाताईंनी त्यांच्या खिशात पत्त्याची चिठ्ठी शिवून टाकलीय. कंपनीनं निवेदन काढलं: कामगारानं बहुधा मास्क मधेच काढला असावा. मानवी चूक. हे मी वर्तमानपत्रात वाचलं आणि त्याच दिवशी माझा आलेख, बाविसाव्या पानाची तळटीप आणि माझी सही, तिन्ही घेऊन चौकशी समितीपुढं जाऊन बसले. माझ्याविरुद्धचा सगळ्यात मोठा पुरावा मीच दिला. नोकरी गेली. माझं नाव पुन्हा कुठल्या प्रमाणपत्राखाली येणार नाही, हे बरंच झालं. सतरा शहरांतून श्वासिका परत मागवली गेली, 'तात्पुरती', आणि कासारपुरात खेकडे तेवढ्यापुरते कामाला लागले.

आणि ऑक्टोबरात दुसरी आली. ती आली याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

पालिकेच्या आयुक्तांनी बैठक बोलावली. टेबलावर श्वासिका-दोन. एका बाजूला कंपनीची माणसं, दुसरीकडं दादा आणि ड्रेनेजचे बावीस कामगार. मला आयुक्तांनी मुद्दाम बोलावलं होतं. "पहिल्या मास्कचा दोष तुम्ही दाखवलात," त्या म्हणाल्या, "म्हणून हा अहवाल तुम्ही तपासावा असं मला वाटलं. तुम्ही तीन आठवडे तपासलात. आता सर्वांसमोर सांगा. हा मास्क चालतो का?"

मी उठले. खोटं बोलायची फार इच्छा झाली. एक शब्द बोलले असते तर काम संपलं असतं. पण एकदा अर्धं सांगून काय होतं ते मी बघितलं होतं.

"चालतो," मी म्हणाले. "या झिओलाइटमध्ये पाणी शिरत नाही. दमट हवेचं मॉडेल आहे, दमट हवेतली चाचणीही आहे. दोन्ही जुळतात. चाळीस मिनिटं खरी आहेत."

कंपनीच्या बाजूनं सुस्कारे आले. पाटसकरांनी वहीत काहीतरी टिपलं. आयुक्त कामगारांकडं वळल्या. "ऐकलंत? तुमच्याच माणसानं सांगितलंय. आता शंका राहू नये. सोमवारपासून काम सुरू करू."

दादा उभा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही.

"शंका नाही, मॅडम. ती म्हणते तर मास्क खराच असणार. आम्ही उतरणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे उतरणार नाही. मागचा खोटा होता म्हणून नाही म्हणत नाही. हा खरा आहे, तरी नाही."

पाटसकर म्हणाले, "भालशंकर, तुम्हाला सुरक्षितता हवी होती, ती दिली. अजून काय हवंय तुम्हाला?"

"वर राहायचंय," दादा म्हणाला.

तो पुढं म्हणाला, "बारा वर्षं वर होतो. काम अडलं नव्हतं. मास्क आला आणि तुम्हाला आठवलं, की अरे, ही माणसं आहेतच की घालायला. साहेब, तुम्ही हिला विचारलं मास्क किती वेळ टिकतो. तिनं मोजून सांगितलं, पहिल्यांदा चुकीचं, आता बरोबर. पण माणसाला त्यात घालायचं का, हे कुठल्या संगणकाला विचारलं तुम्ही? या मास्कमध्ये वास येत नाही म्हणता. नका येऊ देऊ. गळ्यापर्यंत दुसऱ्याची घाण लागते ती लागतेच ना?"

"नियमानुसार नकार देता येत नाही तुम्हाला," कंपनीच्या बाजूचं कुणीतरी म्हणालं.

"मग नियमाला उतरवा," दादा म्हणाला, आणि बावीसच्या बावीस माणसं उठून त्याच्यामागून बाहेर पडली. मीही.

खेकडे पुन्हा वर्कशॉपला गेले होते, त्यामुळं काम बंद राहिलं. आठव्या दिवशी मंडईत पाणी तुंबलं, अकराव्या दिवशी आयुक्तांच्या बंगल्याच्या रस्त्यावर. पेपरांनी कामगारांना शिव्या घातल्या. बाराव्या दिवशी आदेश निघाला: कासारपूर हद्दीत कोणत्याही उपकरणासह माणूस उतरवला जाणार नाही. कासारपूर हद्दीत, फक्त. बाकीच्या सोळा शहरांत श्वासिका-दोन पोचली आहे. ती उत्तम चालते. त्यामुळं तिथं कुणी प्रश्न विचारत नाही. मी आता त्या सोळा शहरांत फिरते. कामगारांच्या सभांत फळ्यावर पिंजरा काढून समजावते, आणि शेवटी सांगते की मास्क चांगला आहे आणि तरी तुम्ही नाही म्हणू शकता. दोन ठिकाणी मला सभेतून बाहेर काढलं.

आदेश निघाला त्या दुपारी मी दादाच्या घरी गेले होते. तो दारातच उभा होता. बाजूला सरकला नाही. मग म्हणाला, "तुझ्यावरचा राग गेला नाही माझा."

"माहीत आहे."

"जाईल असंही वाटत नाही."

"बरं."

मी पायरी उतरायला लागले तसा तो मागून जवळजवळ ओरडलाच, "निघालीस कुठं? जेवून जा!"